चुकीच्या धावपट्टीवरून उड्डाण: ते कसे घडते आणि वैमानिक ते कसे टाळू शकतात

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे की, धावपट्टीच्या तोंडाशी निदान नऊ मीटर लांबीचे आकडे रंगवलेले असतात, दोन्ही कडांना दिवे असतात, प्रवेशाजवळ लाल पाट्या असतात, कॉकपिटमध्ये दोन प्रशिक्षित वैमानिक असतात आणि टॉवरमधून नियंत्रक पाहत असतो. तरीही एखादे विमान चुकीच्या धावपट्टीवरून उड्डाणाला लागते ते कसे, आणि ते टाळण्यासाठी वैमानिकाने नेमके काय करावे?

अनेक वर्षे प्रवासी विमाने चालवल्यावर आणि नव्या वैमानिकांना शिकवल्यावर माझे उत्तर असे आहे की, ही चूक सहसा अज्ञानातून होत नाही. आपल्याला कोणती धावपट्टी मिळाली आहे हे त्या वैमानिकांना बहुतेक वेळा ठाऊक असते. आपण तिच्यावरच उभे आहोत अशी त्यांची खात्री झालेली असते, आणि ती खात्री चुकीची असते. म्हणून खबरदारीचा प्रत्येक उपाय त्या खात्रीपासून स्वतंत्र असला पाहिजे. शिवाय कोणता उपाय कोणती चूक पकडतो आणि कोणती त्याच्या हातून निसटते, हेही वैमानिकाला माहीत असले पाहिजे. या दुसऱ्या भागाकडे प्रशिक्षणात पुरेसे लक्ष दिले जात नाही असे माझे मत आहे, त्यामुळे त्यावर मी अधिक लिहिणार आहे.

सुरुवात एका अपघातापासून करणे योग्य ठरेल, कारण या विषयावरचे आजचे बरेचसे नियम त्यानंतर कडक झाले. २७ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात, लेक्सिंग्टनच्या ब्लू ग्रास विमानतळावरून, कॉमएअर कंपनीचे ५१९१ क्रमांकाचे उड्डाण पहाटे सहाच्या सुमारास, उजाडण्यापूर्वी, अटलांटाकडे निघाले. विमान बॉम्बार्डियरचे सीआरजे-१०० जातीचे होते. त्याला २२ क्रमांकाची धावपट्टी देण्यात आली होती, जिची लांबी ७,००३ फूट, म्हणजे सुमारे २,१३५ मीटर होती. विमान वळले ते २६ क्रमांकाच्या धावपट्टीवर. तिची लांबी ३,५०० फूट, म्हणजे जेमतेम निम्मी, आणि तिच्यावर दिवे लागलेले नव्हते. धावपट्टी संपेपर्यंत विमानाला उचलण्याइतका वेग आला नाही. पुढचे कुंपण आणि झाडे यांना धडकून ते कोसळले आणि पेटले. विमानातल्या ५० जणांपैकी ४९ जण मृत्युमुखी पडले. फक्त सहवैमानिक गंभीर जखमी अवस्थेत वाचला.

धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिची चुंबकीय दिशा, जवळच्या दहा अंशांपर्यंत पूर्णांकित करून शेवटचे शून्य वगळलेली. तेव्हा २२ आणि २६ या धावपट्ट्यांच्या दिशांत सुमारे चाळीस अंशांचा फरक होता. हेडिंग बग, म्हणजे अपेक्षित दिशेवर लावून ठेवायची उपकरणावरची खूण, २२७ अंशांवर होती, आणि धावपट्टीवर वळल्यानंतर विमानाचे नाक २६६ अंशांकडे होते. म्हणजे चूक दाखवणारी माहिती दोघांच्याही समोर, अगदी नजरेच्या टप्प्यात होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने पुढच्या वर्षी जो निष्कर्ष काढला तो याच स्वरूपाचा आहे: जमिनीवर विमान नेत असताना आपण कोठे आहोत हे ओळखण्यासाठी उपलब्ध असलेल्या खुणा वैमानिकांनी वापरल्या नाहीत आणि उड्डाणापूर्वी धावपट्टीची उलटतपासणी केली नाही.

त्या दोघांना निष्काळजी ठरवून आपण पुढे गेलो, तर या घटनेतून शिकण्यासारखे फार थोडे हाती लागेल. त्यांच्या समजुतीला दुजोरा देणाऱ्या गोष्टी त्या पहाटे एकामागून एक जमत गेल्या होत्या. दोन्ही धावपट्ट्यांकडे एकाच टॅक्सीवेने, म्हणजे विमाने जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जातात (‘टॅक्सी’ करतात) त्या मार्गाने, जावे लागत होते, आणि २२ च्या तोंडाशी पोहोचण्याआधी २६ ओलांडावी लागत होती. विमानतळावर बांधकाम चालू असल्यामुळे टॅक्सीवेची रचना नुकतीच बदलली होती आणि वैमानिकांच्या हातातला नकाशा तिच्याशी पूर्णपणे जुळत नव्हता. मुख्य धावपट्टीचे मध्यरेषेचे दिवे बंद असल्याची सूचना आधीच होती, आणि आपण आधी येथे उतरलो तेव्हा ठिकठिकाणचे दिवे बंद होते, असे सहवैमानिकाने ब्रीफिंगमध्ये सांगितले होते. म्हणजे काळोखी धावपट्टी ही त्या दोघांच्या दृष्टीने अपेक्षित गोष्ट झाली होती. उड्डाणाची परवानगी देताना नियंत्रकाने धावपट्टीचा क्रमांक उच्चारला नाही. टॉवरमध्ये तो एकटाच होता आणि परवानगी दिल्यावर दुसऱ्या कामाकडे वळला. टॅक्सीदरम्यान कामाशी संबंध नसलेले बोलणेही झाले होते, आणि मंडळाने ते सहायक कारण म्हणून नोंदवले. विमान वेग घेत असताना दिवे नसल्याचे सहवैमानिकाला विचित्र वाटले, त्याने ते बोलून दाखवले, कॅप्टननेही होकार दिला, आणि विमान तसेच पुढे जात राहिले.

हा शेवटचा तपशील मी प्रत्येक वर्गात सांगतो. शंका मनात आली होती आणि ती शब्दांत मांडलीही गेली होती; पण त्या शब्दांना कोणतीही कृती जोडलेली नव्हती. म्हणून पहिला नियम असा करावा की, रात्रीच्या वेळी नेमून दिलेल्या धावपट्टीच्या कडांचे दिवे दिसत नसतील तर थ्रस्ट लिव्हरला, म्हणजे इंजिनांची शक्ती वाढवणाऱ्या दांड्याला, हात लावायचा नाही. ब्रेक धरून ठेवायचे आणि टॉवरला विचारायचे. त्या दिव्यांबद्दल आधी काय ऐकले होते, नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनांत, काय वाचले होते, याचा विचार ब्रेक धरल्यानंतर करावा.

लेक्सिंग्टनची चूक पकडणारा सर्वांत साधा उपाय म्हणजे लाइन-अप झाल्यावर, म्हणजे उड्डाणासाठी धावपट्टीच्या मध्यरेषेवर आल्यावर, हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) तपासणे. आज बहुतेक कंपन्यांच्या कार्यपद्धतीत तो आहेच. मात्र तो कसा केला जातो यावर त्याची किंमत ठरते. सिम्युलेटरमध्ये मला अनेकदा असे दिसते की, विमान धावपट्टीवर वळले की वैमानिक बटण दाबून हेडिंग बग विमानाच्या त्या क्षणीच्या दिशेशी जुळवून घेतो आणि मग दोन्ही जुळतात असे मोठ्याने म्हणतो. ही तपासणी नव्हे, कारण येथे विमानाची तुलना विमानाशीच होते. बग नकाशावरच्या आकड्याप्रमाणे गेटवर असतानाच लावला पाहिजे आणि लाइन-अपच्या वेळी त्याला हात लावता कामा नये. तपासणीचे शब्दही असे असावेत की प्रत्यक्ष वाचल्याशिवाय ते उच्चारता येणार नाहीत. नुसते ‘धावपट्टी बरोबर’ हे पुरेसे नाही. एका वैमानिकाने बाहेर रंगवलेला किंवा पाटीवरचा क्रमांक वाचावा, दुसऱ्याने उपकरणावरचे अंश वाचावेत, आणि दोन्ही गोष्टी टॉवरने दिलेल्या परवानगीशी जुळल्यावरच शक्ती वाढवावी.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावर ०९-२७ आणि १४-३२ या दोन धावपट्ट्या (प्रत्येकीला दोन टोकांकडून दोन क्रमांक) एकमेकींना छेदतात. त्यांच्या दिशांत सुमारे पन्नास अंशांचा फरक असल्याने तेथे हेडिंगची तपासणी चोख काम करते. पण दिल्लीत २९ ची डावी-उजवी जोडी आहे आणि बेंगळुरूला ०९-२७ च्या दोन समांतर धावपट्ट्या आहेत. तेथे शेजारच्या धावपट्टीवर उभे राहिलात तरी हेडिंग अगदी बरोबर दिसेल. समांतर धावपट्टी आणि समांतर टॅक्सीवे यांच्यापुढे ही तपासणी पूर्णपणे आंधळी आहे, आणि ज्याला हे माहीत नाही त्याला ती खोटा दिलासा देते.

या आंधळेपणाची किंमत तैपेई येथे मोजावी लागली. ३१ ऑक्टोबर २००० च्या रात्री, झांगसेन नावाचे चक्रीवादळ तैवानजवळ येत असताना, सिंगापूर एअरलाइन्सचे एसक्यू ००६ हे बोइंग ७४७-४०० विमान तेथील च्यांग काय-शेक विमानतळावरून लॉस एंजेलिसला निघाले होते. त्याला ०५ डावी ही धावपट्टी मिळाली होती. मुसळधार पावसात विमान वळले ते तिच्या शेजारच्या ०५ उजवीवर, जिचा काही भाग बांधकामामुळे बंद होता आणि जिच्यावर काँक्रीटचे अडथळे व खोदकामाची यंत्रे उभी होती. विमान पूर्ण वेगात त्यांच्यावर आदळले. १७९ जणांपैकी ८३ जणांचा मृत्यू झाला. बांधकामाची सूचना वैमानिकांच्या कागदपत्रांत होती, आणि कोणती धावपट्टी मिळाली आहे याबद्दल कॉकपिटमधल्या तिघा वैमानिकांपैकी कोणाचाही गैरसमज नव्हता.

त्या रात्री हेडिंग काहीच सांगू शकत नव्हते, पण दुसऱ्या दोन गोष्टी सांगत होत्या. पहिली म्हणजे दिव्यांचा रंग. धावपट्टीच्या मध्यरेषेचे दिवे पांढरे असतात आणि टॅक्सीवेच्या मध्यरेषेचे हिरवे. ०५ उजवी ही टॅक्सीवे म्हणूनही वापरली जात असल्याने तिच्यावर मध्यभागी हिरवे दिवे होते. वळणावरच्या हिरव्या दिव्यांची ठळक रांग विमानाला तिच्याकडेच घेऊन गेली. सरळ पुढे ०५ डावीकडे नेणारे दिवे मात्र विरळ होते. दुसरी गोष्ट म्हणजे लोकलायझर, म्हणजे धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारा रेडिओ संकेत. कॅप्टनसमोर असे एक दर्शक होते, जे नेमलेल्या धावपट्टीच्या लोकलायझरशी विमान जुळले की उघडते. ते उघडले नाही. वैमानिकांनी हे पाहिले, त्यावर बोललेही, पण समोर धावपट्टी दिसत असल्याने त्या दर्शकाची गरज नाही असे ठरवून ते पुढे गेले. दृश्यमानता त्या दर्शकाशिवाय उड्डाण करण्याइतकी असल्यामुळे नियमाने ते सक्तीचे नव्हते, हे खरे. पण जे उपकरण सक्तीचे नाही तेही खरे बोलत असू शकते, हे मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो.

येथून निघणारा व्यावहारिक नियम असा की, ज्या धावपट्टीवर आयएलएस (लोकलायझर ज्याचा भाग असतो ती उतरण्यासाठीची रेडिओ यंत्रणा) आहे तिची वारंवारिता उड्डाणापूर्वी लावून ठेवावी, गरज वाटो वा न वाटो. लोकलायझरचा अँटेना धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाशी असतो, त्यामुळे त्याच दिशेने उड्डाणासाठी मध्यरेषेवर उभे राहिल्यावर सुई मधोमध आली पाहिजे. शेजारच्या समांतर धावपट्टीवर उभे असाल तर ती एका बाजूला पूर्ण झुकलेली दिसेल. एअरबस ए३२० मध्ये लोकलायझरचा संकेत मिळत असेल आणि विमान त्याच्याशी जुळलेले असेल, तर उड्डाणाची शक्ती लावताच ‘रनवे’ हा मोड दिसतो. ज्या धावपट्टीवर तो दिसायला हवा तेथे दिसला नाही, तर त्याचे कारण कळेपर्यंत पुढे जाऊ नये. ज्या धावपट्टीला आयएलएस नाही तेथे नॅव्हिगेशन डिस्प्ले सर्वांत लहान पल्ल्यावर आणावा. विमानाची आकृती नेमलेल्या धावपट्टीच्या आरंभाशी आणि तिच्या रेषेत दिसली पाहिजे. आता टॅब्लेटवरच्या विमानतळाच्या नकाशावर स्वतःच्या विमानाचे स्थान दिसण्याची सोयही अनेक ठिकाणी आहे आणि ती निश्चितच उपयुक्त आहे. मात्र विमान हलत असताना दोघांचीही नजर टॅब्लेटवर असणे हा स्वतंत्र धोका आहे.

टॅक्सीवेवरून उड्डाण करण्याच्या घटना लोकांना वाटते तितक्या दुर्मीळ नाहीत. जानेवारी २००२ मध्ये अलास्कातील अँकरेज येथे चायना एअरलाइन्सच्या ए३४० ने टॅक्सीवेवरून उड्डाण केले आणि त्याच्या चाकांच्या खुणा टॅक्सीवेच्या टोकापलीकडच्या बर्फात उमटल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये ॲमस्टरडॅम आणि ऑस्लो या दोन्ही ठिकाणी, थोड्याच दिवसांच्या अंतराने, एकेका प्रवासी विमानाने टॅक्सीवेवरून उड्डाण केले. आपल्या अधिक जवळची घटना ऑगस्ट २०१८ मधली आहे. रियाधहून मुंबईला येणारे जेट एअरवेजचे बोइंग ७३७ रात्रीच्या वेळी धावपट्टीऐवजी समांतर टॅक्सीवेवर उड्डाणाला लागले. चूक लक्षात आल्यावर वैमानिकांनी उड्डाण सोडून दिले, पण तोवर वेग बराच झाला होता आणि विमान फरसबंदीबाहेर जाऊन थांबले. कोणी दगावले नाही. मार्च २०२५ मध्ये ऑर्लँडो येथे साउथवेस्टचे एक विमान असेच टॅक्सीवेवर वेग घेऊ लागले होते. तेथे नियंत्रकाने वेळीच परवानगी रद्द करून ते थांबवले.

यांतील बहुतेक घटनांत हेडिंग बरोबर होते, कारण तो टॅक्सीवे धावपट्टीला समांतर होता. येथे उपयोगी पडते ती जमिनीवरची रंगांची भाषा, आणि ती वैमानिकाला विचार न करता वाचता आली पाहिजे. टॅक्सीवेवरच्या रेषा पिवळ्या असतात, धावपट्टीवरच्या पांढऱ्या. टॅक्सीवेच्या कडेचे दिवे निळे, धावपट्टीच्या कडेचे पांढरे. धावपट्टीत शिरताना तुम्ही होल्डिंग पॉइंटची (धावपट्टीआधी थांबण्याच्या जागेची) पिवळी खूण, म्हणजे दोन अखंड आणि दोन तुटक रेषा, ओलांडलीच पाहिजे. शेजारी लाल पाटीवर पांढऱ्या आकड्यांत धावपट्टीचा क्रमांक असतो, आणि बऱ्याच ठिकाणी आलटून पालटून लुकलुकणारे पिवळे दिवे असतात. तुम्ही शक्ती लावण्याच्या बेतात आहात आणि यांपैकी काहीही ओलांडल्याचे तुम्हाला आठवत नसेल, तर तुम्ही अजून टॅक्सीवेवर असण्याची दाट शक्यता आहे. समोर पिवळी रेषा किंवा कडेला निळे दिवे दिसत असतील तर शंकेला जागाच उरत नाही.

तिसरा प्रकार आणखी फसवा आहे: धावपट्टी बरोबर, पण दिशा उलटी किंवा प्रवेशाची जागा चुकीची. १८ सप्टेंबर २०१८ रोजी शारजा येथे एअर अरेबियाच्या ए३२० ला मधल्या एका चौकातून, म्हणजे टॅक्सीवे धावपट्टीला मिळतो त्या जागेतून, ३० क्रमांकाच्या धावपट्टीवर जाऊन उड्डाण करायचे होते. धावपट्टीवर येताना विमान उलट बाजूला वळले आणि १२ च्या दिशेने वेग घेऊ लागले. त्या बाजूला सुमारे एक हजार मीटरच धावपट्टी शिल्लक होती. कॅप्टनने पूर्ण शक्ती लावली आणि विमान जेमतेम उचलले गेले. उलट दिशा हेडिंगच्या तपासणीत लगेच पकडली जाते, कारण फरक १८० अंशांचा असतो. पण विमान न थांबवता वळणातच शक्ती लावली, तर ती तपासणी करायला वेळच राहत नाही. म्हणून अनोळखी विमानतळावर, रात्री किंवा मधल्या चौकातून निघताना, मी चालत्या विमानातच शक्ती लावण्याच्या विरुद्ध आहे. मध्यरेषेवर विमान थांबवावे, आकडे वाचावेत, मग निघावे. मागे उतरणारे विमान जवळ आले असेल तर होल्डिंग पॉइंटवरच थांबून ‘आम्ही अजून तयार नाही’ असे टॉवरला सांगावे. यात कमीपणा काहीच नाही.

चौकातल्या पाटीविषयी एक बारकावा येथे सांगितला पाहिजे, कारण बऱ्याच विद्यार्थ्यांचा त्यात गोंधळ होतो. मधल्या चौकात लाल पाटीवर दोन्ही क्रमांक असतात, उदाहरणार्थ १२-३०. डावीकडे लिहिलेला क्रमांक ज्या धावपट्टीचा आरंभ तुमच्या डावीकडे आहे तिचा असतो. म्हणजे १२ चा आरंभ डाव्या हाताला आहे. तेथून येणारी विमाने डावीकडून उजवीकडे धावतात, आणि तुम्हाला १२ वरून उड्डाण करायचे असेल तर उजवीकडे वळायचे आहे. आकडा डावीकडे लिहिला आहे म्हणून डावीकडे वळणारा वैमानिक उलट दिशेला लागेल. यावर उपाय असा की, वळायची बाजू गेटवरच नकाशा पाहून ठरवावी आणि ब्रीफिंगमध्ये बोलावी: ‘अमुक चौकातून प्रवेश, डावीकडे वळण, हेडिंग तीनशेच्या आसपास, पुढे इतके मीटर धावपट्टी.’ चुकीच्या चौकातून प्रवेश केल्यास हेडिंग आणि लोकलायझर दोन्ही बरोबर दिसतात आणि फक्त लांबी कमी पडते, म्हणून चौकाचे नाव आणि उरलेली लांबी यांचा स्वतंत्र उच्चार आवश्यक आहे. उड्डाणाच्या वेगाची आणि शक्तीची गणिते ज्या चौकासाठी केली आहेत, तोच चौक पाटीवर वाचल्याशिवाय आत शिरू नये.

वर सांगितलेले सर्व उपाय शेवटच्या मिनिटाचे आहेत. प्रत्यक्षात चुकीची तयारी त्याआधी दहा-पंधरा मिनिटे चालू झालेली असते, आणि तिचे मुख्य कारण म्हणजे नजर खाली असणे. कॅप्टन विमान नेत असतो, सहवैमानिक संगणकात आकडे भरत असतो, केबिनमधून निरोप येतो, उड्डाणाची ठरलेली वेळ टळत असते. दोघांपैकी एकालाच बाहेरचे दिसत असेल, तर दुसऱ्याची उलटतपासणी नावापुरती राहते. म्हणून शक्य तितकी कामे विमान हलण्यापूर्वी संपवावीत, आणि जी उरतात ती सरळ, लांब टॅक्सीवेवर करावीत. धावपट्टी ओलांडताना किंवा शेवटच्या दोन वळणांवर कोणतीही चेकलिस्ट वाचू नये. धावपट्टी ऐन वेळी बदलली, तर विमान थांबवून संगणक, वेग, हेडिंग आणि ब्रीफिंग हे सर्व नव्याने करावे. धावपट्टी बदलल्यानंतरची घाई मला खराब हवामानापेक्षाही अधिक धोकादायक वाटते, कारण तिच्यात जुने आकडे नव्या धावपट्टीवर तसेच चालू राहतात.

टॅक्सीच्या परवानगीबाबत फार लिहीत नाही. ती कागदावर उतरवावी, नकाशावर बोट ठेवून दोघांनी पाहावी, आणि वाटेत ओलांडायच्या धावपट्ट्या व नकाशावर दाखवलेली धोक्याची ठिकाणे नावानिशी बोलून दाखवावीत. नोटॅम वाचताना ‘बंद’ हा शब्द दिसला की ती जागा नकाशावर शोधावी. तैपेईत सूचना वाचली गेली होती, पण ती वाचणे आणि वळणाच्या क्षणी ती आठवणे यांत मोठे अंतर होते. दहा हजार फुटांखाली कामाबाहेरचे बोलू नये हा अमेरिकेतला नियम १९८१ पासून आहे आणि तो टॅक्सीलाही लागू आहे. गप्पांनी मन फार विचलित होते म्हणूनच तो पाळायचा असे नाही. शांत कॉकपिटमध्ये सहवैमानिकाला आपली अर्धवट शंका बोलून दाखवणे सोपे जाते, हेही तितकेच मोठे कारण आहे.

टॉवरची भूमिका लेक्सिंग्टननंतर बरीच सुधारली. अमेरिकेत आता वाटेतली प्रत्येक धावपट्टी ओलांडायला स्वतंत्र परवानगी लागते, आणि उड्डाणाच्या परवानगीत धावपट्टीचा क्रमांक असतो. तो क्रमांक परत वाचून दाखवणे हे वैमानिकाचे कर्तव्य आहे, पण त्या क्षणी त्याने समोरच्या पाटीकडे पाहिले नाही, तर त्या वाचनातून एवढेच सिद्ध होते की त्याला ऐकू आले. माझी सूचना अशी की, परवानगी परत वाचणाऱ्याने बोलताना पाटीकडे किंवा रंगवलेल्या आकड्याकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

विमानातल्या इशारा यंत्रणांनीही मोठे साहाय्य केले आहे. हनीवेलची रास ही यंत्रणा उपग्रहांवरून मिळणारे स्थान आणि विमानतळांची साठवलेली माहिती यांची तुलना करून, विमान धावपट्टीवर आले की तिचा क्रमांक उच्चारते आणि टॅक्सीवेवर वेग चाळीस नॉटच्या वर गेला तर ‘ऑन टॅक्सीवे’ असा इशारा देते. एअरबसच्या नव्या विमानांत विमान धावपट्टीवर नसल्याचा किंवा धावपट्टी अपुरी असल्याचा इशारा मिळू शकतो. पण ही यंत्रणा प्रत्येक विमानात नसते, आणि तिच्याकडची माहिती कालच्या बांधकामाइतकी ताजी असेलच असे नाही. इशारा मिळाला तर वाद न घालता थांबावे. मात्र इशारा मिळाला नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असे समजू नये.

थांबण्याबद्दल आणखी थोडे लिहिणे आवश्यक आहे. बहुतेक जेट विमानांच्या कार्यपद्धतीत ८० किंवा १०० नॉटपर्यंतचा टप्पा कमी वेगाचा मानला जातो आणि त्यात जवळजवळ कोणत्याही कारणासाठी उड्डाण सोडता येते. ‘काहीतरी जुळत नाही’ हे त्या टप्प्यात पुरेसे कारण आहे, आणि ब्रीफिंगमध्ये कॅप्टनने ते स्पष्ट शब्दांत सांगावे, म्हणजे कनिष्ठ सहवैमानिकाला ‘स्टॉप’ म्हणण्यासाठी पुरावा गोळा करत बसावे लागणार नाही. त्यापुढे निर्णय अवघड होतो, कारण चुकीची धावपट्टी किती लांब आहे आणि तिच्या टोकाला काय आहे, हे तुम्हाला माहीत नसते.

विद्यार्थ्याने असेही विचारले आहे की, एकच धावपट्टी असलेल्या विमानतळावर शिकताना या सगळ्याचा सराव कसा करावा. बारामती किंवा गोंदियासारख्या ठिकाणी धावपट्टी चुकण्याची भीती फारशी नसते, पण दिशा चुकू शकते, आणि एका इंजिनाच्या लहान विमानात लोकलायझर किंवा बोलणारी यंत्रणा नसली तरी होकायंत्र असतेच. जायरोवर चालणारा दिशादर्शक हळूहळू सरकत जातो, म्हणून तो वेळोवेळी होकायंत्राशी जुळवावा लागतो. ते काम धावपट्टीवर येण्यापूर्वी, विमान सरळ आणि स्थिर असताना, होकायंत्र पाहून करावे. धावपट्टीची दिशा पाहून दिशादर्शक फिरवू नये. मग मध्यरेषेवर आल्यावर रंगवलेला आकडा मोठ्याने वाचावा, त्यानंतर होकायंत्र, त्यानंतर दिशादर्शक, आणि तिन्ही एकमेकांशी काही अंशांच्या आत जुळले तरच थ्रॉटल पुढे करावे. जुळले नाहीत तर एकतर उपकरण बिघडले आहे किंवा तुम्ही चुकीच्या दिशेला तोंड करून उभे आहात, आणि दोन्ही परिस्थितींत त्या क्षणी उड्डाण करायचे नसते. प्रशिक्षक शेजारी असो वा नसो, ही तीन वाचने प्रत्येक उड्डाणापूर्वी आवाज काढूनच करावीत.